फुलांखालची हिरवी वीट

गौरी-गणपतीच्या विसर्जनाची संध्याकाळ. घाटावरच्या निर्माल्य कलशापाशी कॉलेजातला एक मुलगा स्वयंसेवक म्हणून उभा होता. हार एकीकडे, प्लास्टिकच्या पिशव्या दुसरीकडे, असं मन लावून निवडत होता. माझ्या परडीतून त्याने एक ओलं, हिरवं, चौकोनी ढेकूळ उचललं आणि अंगठ्याने दाबलं. अंगठा अलगद आत रुतला.

"काकू, ही माती कलशातच टाकायची ना?"

फुलांच्या सजावटीवर माझं घर चालतं. ते ढेकूळ आदल्या आठवड्यात मीच एका मखरामागे बसवलं होतं. तरी त्याला काय सांगावं ते मला पटकन सुचेना. ती माती नव्हती, प्लास्टिक होतं. आणि निर्माल्य कलशातला माल खतासाठी जातो.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याचा विषय गाजला. फूलउत्पादक शेतकऱ्यांचं म्हणणं तिथे मांडलं गेलं, सरकारकडून आश्वासनही आलं. तेव्हापासून गिऱ्हाईक फोनवर आधीच बजावतं, "आम्हाला खरी फुलंच हवीत, पर्यावरणपूरक करायचंय." फुलं खरी असली म्हणजे झालं, असा बहुतेकांचा समज. पण खरी फुलं उभी कशावर असतात, हे सहसा कुणी वाकून बघत नाही.

## ही वीट आहे तरी काय?

स्टेजवरची मोठी रचना, स्वागताच्या टेबलावरची बुटकी परडी, नवऱ्या मुलाच्या गाडीच्या बॉनेटवरचा गुच्छ. पानं बाजूला सारून बघा, बहुधा खाली हिरवी वीट सापडेल. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'फोम' म्हणतात, जुने लोक 'ओॲसिस' म्हणतात. ओॲसिस हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं ते सगळ्याच विटांना चिकटलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात व्ही. एल. स्मिथर्स यांनी १९५४ मध्ये हा फोम बाजारात आणला. वाळवंटातल्या हिरवळीचं नाव दिलं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

वस्तू म्हणून ती अजब आहे. कोरडी असताना पापडासारखी हलकी. पाण्यावर ठेवली की स्वतःच्या वजनाने हळूहळू पाणी पीत बुडते. घाईत दाबून बुडवली तर वरून ओली दिसते आणि पोटात कोरडी राहते. हा धडा प्रत्येक नवशिक्या मुलाला एकदा तरी भर लग्नात मिळतो. भिजल्यावर तिच्यात कुठल्याही कोनात दांडा खुपसा, तो तसाच उभा राहतो. आडवा, तिरका, उलटासुद्धा. वर पाणीही मिळत राहतं. एका विटेची किंमत धड एका मिसळीइतकीही नसते. मग का नाही वापरणार?

## फूल पाणी पितं कसं?

फोमचे गुण आणि दोष दोन्ही कळायला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. कापलेल्या फुलाला मूळ नसतं, पण तहान असते. दांड्याच्या आत केसाहून बारीक नळ्यांचे जुडगे असतात. पानांतून, पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीने खालचं पाणी नळीतून वर चढतं. ग्लासातला उसाचा रस नळीने ओढावा तसंच. नळीला कुठे चीर असली तर तोंडात रसाऐवजी हवा येते, कितीही ओढा. फुलाचंही तेच होतं. दांडा कापून काही मिनिटं कोरडा राहिला की नळ्यांच्या तोंडात हवा शिरते. मग पाण्यात ठेवलं तरी गुलाब मान टाकतो आणि लोक म्हणतात, फुलवाल्याने शिळा माल दिला.

दुसरा शत्रू म्हणजे पाण्यातले जिवाणू. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, त्यांचा चिकट थर नळ्यांची तोंडं बुजवतो. घरच्या फुलदाणीचं पाणी रोज बदला असं आजी सांगायची, त्यामागे हेच होतं.

फोममध्ये लाखो बारीक, एकमेकांना जोडलेली छिद्रं असतात. ती पाणी धरून ठेवतात आणि दांडा त्यांना चिकटला की त्यातून पाणी घेतो. इथवर ठीक. पण विटेतलं पाणी बदलता येत नाही. दांडा एकदा काढून पुन्हा खुपसला तर भोकात हवा राहते आणि फूल तहानलेलं राहतं. वीट एकदा सुकली की पुन्हा नीट भिजत नाही. म्हणजे ही वस्तू एका कार्यक्रमापुरती. स्वच्छ पाण्यात, रोज पाणी बदलून ठेवलेली फुलं बहुधा फोममधल्या फुलांपेक्षा जास्त दिवस टिकतात. हे मी माझ्याच दुकानात पाहिलंय आणि तरीही वर्षानुवर्षं फोम वापरत राहिले, कारण गिऱ्हाइकाला फुलं चार तासच बघायची होती.

## एवढीशी वीट, तिने काय बिघडतं?

घरात दोन प्रकारचे पदार्थ असतात. तूप तापवा, पातळ होतं. थंड करा, पुन्हा थिजतं. हे कितीही वेळा करता येतं. भाकरीचं तसं नाही. एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. प्लास्टिकमध्येही अशा दोन जाती आहेत. बादली, बाटली ही तुपाच्या जातीची, वितळवून पुन्हा घडवता येतात. फोम भाकरीच्या जातीचा. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून बनतो. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी याच जोडीतून बॅकेलाइट तयार केलं. जुने काळे स्विच त्याचेच, कुकरचा काळा दांडाही त्याच कुळातला. म्हणजे फुलांखालची मऊ वीट ही कुकरच्या दांड्याची फुगवलेली चुलत बहीण. ती वितळत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. कुजत नाही, म्हणून खतात जिरत नाही.

पण ती चुरगळते. आणि खरी गोम तिथेच आहे. पिशवी प्लास्टिकची आहे हे आंधळ्यालाही कळतं. फोमचा चुरा मात्र मातीसारखा दिसतो, हाताला मातीसारखा लागतो. विटेचा तुकडा कापला की चुरा पडतो, दांडा खुपसला की पडतो, भिजवलेलं पाणी मोरीत ओतलं की तो पाण्याबरोबर जातो. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. बाकीचं प्लास्टिक उन्हापावसात झिजून सूक्ष्म व्हायला वर्षं लागतात. फोम ते काम आपल्या हातातच करून दाखवतो.

हे कण पाण्यात गेले की काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या लहान जिवांना त्यांनी फोमच्या कणांच्या सान्निध्यात ठेवलं. त्या जिवांनी कण गिळले आणि कणांतून पाण्यात उतरलेली फिनॉलयुक्त रसायनं त्यांना अपायकारक ठरली. आपल्याकडे मोरीचं पाणी नाल्यात आणि नाल्याचं नदीत जातं, म्हणून ऑस्ट्रेलियातला प्रयोग आपलाही आहे.

राहता राहिला फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. यावरून टेबलावरच्या गुच्छाजवळ बसायला घाबरू नका. तयार विटेत तो उरला तरी अल्प असतो. धोका कुणाला असेल तर तो बंद गोदामात दिवसभर कोरड्या विटा कापणाऱ्या पोराला. नाका-डोळ्यांत तो चुरा जातो आणि आमच्या धंद्यात तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा मी क्वचितच पाहिलाय.

थर्माकोलचा सगळ्यांना पत्ता आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. केंद्राच्या त्या बंदीच्या यादीत फुलांखालच्या फोमचं नाव नाही. त्यामुळे मखर पुठ्ठ्याचं, मूर्ती शाडूची आणि मागे चार विटा फोमच्या, असा 'इको-फ्रेंडली' देखावा अगदी प्रामाणिक मनाने उभा राहतो.

## पण आता 'बायो' फोम मिळतो ना?

मिळतो. वर हिरवं पान छापलेलं असतं. मेलबर्नच्या त्याच प्रयोगात साध्या फोमबरोबर असा एक 'बायो' म्हणवणारा फोमही तपासला होता. त्याच्या कणांतून उतरलेला अर्क साध्या फोमच्या अर्कापेक्षा अधिक विषारी निघाला. लवकर विघटन होणं आणि निरुपद्रवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून घ्यायचं. अर्थात सगळे पर्याय असेच, असं नाही. नारळाच्या काथ्यापासून दाबून बनवलेल्या विटा आता निघाल्या आहेत, त्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. काथ्या म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला पाकिटावर वाचावं लागत नाही.

तरी माझा अनुभव असा, की फोमच्या जागी दुसरी कुठली तरी वीट शोधत बसलं की माणूस तिथेच अडकतो. मीही अडकले होते. सुटका झाली ती प्रश्न बदलला तेव्हा. वीट नव्हतीच, तेव्हा लोक काय करत होते?

## १९५४ च्या आधी फुलं उभी कशी राहायची?

इंग्लंडमधलं उदाहरण आधी देते, कारण ते तारखेसकट चपखल बसतं. लंडनच्या कॉन्स्टन्स स्प्राय या फुलसजावटकार बाईंनी १९३० च्या दशकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात चक्क केल नावाच्या भाजीची पानं, कुंपणावरची फळं आणि रानगवतं आणून ठेवली. भांडंही हाताला येईल ते. आधाराला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी तारेची जाळी, चुरगळून भांड्यात कोंबलेली. जाळीचे थर एकावर एक आले की प्रत्येक दांड्याला दोन-तीन जागी पकड मिळते आणि खाली मोकळं पाणी राहतं. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलसजावट याच बाईंनी केली. फोम बाजारात यायच्या एक वर्ष आधी! मोठ्या समारंभाला फोमशिवाय भागत नाही असं कुणी म्हणालं की मी हे साल सांगते.

इकेबाना म्हणजे जपानी फुलरचना, तिच्यात केन्झान वापरतात. शब्दाचा अर्थ तलवारींचा डोंगर. जड धातूच्या बैठकीवर पितळेच्या सुया दाटीने रोवलेल्या असतात, दांडा त्यावर टोचून उभा करायचा. उथळ ताटलीतल्या बोटभर पाण्यात एकच फांदी अशी उभी राहते की बघणाऱ्याला आधार दिसतच नाही. महाग वाटतं, पण एकदा घेतलेलं केन्झान सुनेलाही वापरता येतं.

आता योगायोग बघा. त्याच इंग्लंडमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत फोमला मनाई केली. चेल्सीचं प्रसिद्ध प्रदर्शन त्यातच येतं. सगळे पुन्हा जाळीकडे वळले.

## कलश, तोरण आणि गजरा

मला मात्र उत्तर जाळीत सापडलं नाही. ते सत्यनारायणाच्या पूजेत सापडलं. गुरुजी येण्याआधी मी कलश मांडत होते. तांब्यात पाणी, कडेने आंब्याची पाच पानं, वर नारळ. हात सरावाने चालला होता आणि एकदम थांबला. ही तर पूर्ण फुलरचना आहे! तांब्याचं तोंड अरुंद, म्हणून पानं फाकून पडत नाहीत. नारळाच्या वजनाने ती जागच्या जागी अडकतात. देठ पाण्यात, म्हणून दुसऱ्या दिवशीही ताजी. ना तार, ना फोम. भांड्याचा आकारच आधाराचं काम करतो.

मग दाराकडे बघितलं. तोरणाला पाणी कुठे असतं? नसतं. तरी आंब्याची पानं दिवसभर टवटवीत राहतात, कारण ती जाड आणि मेणचट असतात, पाणी लवकर सोडत नाहीत. झेंडूही तसाच चिवट. दसऱ्याच्या तोरणात कुणी जास्वंद ओवत नाही आणि त्याचं कारण कुणाला शिकवावंही लागत नाही.

आणि गजरा. मोगऱ्याला देठ म्हणावा असा नसतोच, त्याला पाणी पाजणार कुठून? म्हणून तो कळीत असताना ओवायचा, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवायचा, संध्याकाळी माळायचा. रात्री उमलतो, घमघमतो, सकाळी संपतो. त्याने तीन दिवस टिकावं अशी अपेक्षा कुणी केलेलीच नाही.

तेव्हापासून कुठलंही काम हातात घेतलं की मी फुलांचे रंग ठरवायच्या आधी ही वाटणी करते. पिणारी फुलं कलशाच्या तत्त्वावर, म्हणजे पाणी असलेल्या भांड्यात. न पिता टिकणारी पानंफुलं तोरणाच्या तत्त्वावर, जिथे पाणी पोचवणं अवघड तिथे. आणि एका संध्याकाळची फुलं गजऱ्याच्या तत्त्वावर, अगदी शेवटच्या तासाला. फोमने ही वाटणीच पुसून टाकली होती. कुठलंही फूल कुठेही, कधीही खुपसता येतं म्हटल्यावर फुलाचा स्वभाव बघायची गरज उरली नव्हती.

सगळं पहिल्याच फटक्यात जमलं असं मुळीच नाही. पहिल्या बिनफोमच्या लग्नात मी कमानीवर गावठी गुलाब नुसते सुतळीने बांधले. सकाळी नऊला फोटोत सुरेख. बाराच्या मुहूर्ताला सगळ्यांनी माना खाली घातलेल्या, जणू मुलीकडचे पाहुणे रुसलेत. वधूच्या आत्याबाई येऊन म्हणाल्या, "बाई, फुलं कालची आणलीत का?" त्या दिवशी शिकले, की गुलाब तोरणाच्या जातीचा नाही. आता कमानीवर आंब्याचे टहाळे, केळीची पानं, झेंडूच्या माळा, निशिगंधाच्या सरी. गुलाब हवाच असेल तर बांबूच्या पेरात पाणी भरून त्यात. बांबूच्या प्रत्येक पेराला निसर्गानेच बूड दिलेलं असतं. वरून कापलं की आयती फुलदाणी.

केळीचं खोडही असंच. त्याच्या सोपटांमध्ये एवढं पाणी असतं की जाड चकती कापून तिच्यात छोटे दांडे खोवले तर एक दिवस निभावून नेते. थायलंडमध्ये लोय क्रथोंग सणाला पाण्यावर दिवे सोडतात, त्या दिव्यांची बैठक पारंपरिक पद्धतीने केळीच्या खोडाच्या चकतीचीच असते. आपल्याकडे सत्यनारायणाला चार खुंट उभे करून दुसऱ्या दिवशी टाकून देतात. मी ते मागून आणते.

आणि ज्याला खरोखर मोठी, डोक्यावर टांगलेली, पाण्याशिवाय दिवसेंदिवस टिकणारी रचना बघायची असेल, त्याने चतुर्थीला गोव्यात किंवा तळकोकणात जावं. गणपतीच्या वर माटोळी बांधलेली असते. लाकडी चौकट, तिला लटकलेले सुपारीचे घोस, नारळ, चिबूड, तोरिंजन, लालभडक कवंडळं, रानातली आणखी कितीतरी फळं आणि पानं. बांधायला केवणीसारख्या झाडांच्या सालीचे दोर. यात पाकळ्यांवर भिस्तच नाही. फळं, शेंगा, घोस हीच सजावट, म्हणून सुकायची भीती नाही. गोव्यात माटोळीच्या स्पर्धा भरतात. परदेशात फळंपानं लटकवून केलेल्या रचनांचे फोटो समाजमाध्यमांवर बघून नव्या मुली मला दाखवतात, "ताई, किती वेगळं आहे ना!" मी म्हणते, अगं, सावंतवाडीला जा एकदा.

## खर्च वाढतो का?

वाढतो, पण सामानाचा नाही. जाळी, बांबू, परड्या, काचेच्या बरण्या पुन्हा पुन्हा वापरता येतात, दोन-तीन मोसमांत त्यांची किंमत वसूल होते. वाढते ती मजुरी आणि वेळ. कार्यालयवाले सकाळी सहाला दार उघडतात आणि नऊला सनई सुरू होते. फोमच्या रचना आदल्या रात्री करून टेम्पोत चढवता येतात, सांडत नाहीत. पाण्याच्या बरण्या टेम्पोत नेऊन बघा. म्हणून जागेवर जास्त हात लागतात, आणि फुलं आदल्या रात्री 'पाजून' ठेवावी लागतात: पाण्यात बुडवूनच देठ तिरका कापायचा, खालची पानं काढायची, गारव्याला खोल पाण्यात रात्रभर. जरबेराचा अपवाद, त्याचा दांडा पोकळ आणि मऊ, जास्त पाण्यात कुजतो, त्याला चार बोटं पुरतात.

गिऱ्हाइकाला मी सरळ सांगते, की तेवढ्याच पैशांत फुलं कमी येतील आणि पानं जास्त. काहींना पटतं. काही जण दुसऱ्या डेकोरेटरकडे जातात. त्यात रुसण्यासारखं काही नाही.

## जवळचं फूल तेच चांगलं, असं समजायचं का?

ढोबळमानाने हो. पण इथे एक गंमतशीर अपवाद आहे. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये ब्रिटनच्या बाजारात येणाऱ्या गुलाबांचा हिशोब मांडला. १२,००० गुलाबांमागे केनियाहून विमानाने आलेल्यांचा कार्बन डायऑक्साइड सुमारे २,२०० किलो निघाला आणि शेजारच्या हॉलंडमधल्यांचा सुमारे ३५,००० किलो. कारण साधं आहे. हॉलंडच्या थंडीत गुलाब हवा तर काचघर तापवावं लागतं, दिवे लावावे लागतात. केनियात ते काम सूर्य फुकट करतो. पौषात आंबा खायचा हट्ट धरला तर तो शेजारच्या घरात पिकवला तरी महागच पडणार, तसं.

म्हणून माझा क्रम असा: आधी मोसम, मग अंतर. आपल्याकडे सूर्याची ददात नाही. मावळात, तळेगावच्या पट्ट्यात पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो आणि व्हॅलेंटाइनला परदेशात जातो. तापवण्याचा खर्च नाही, पण पॉलिहाऊसचं आच्छादन प्लास्टिकचंच, औषध फवारणी आहे, आणि जरबेराच्या प्रत्येक फुलाला बाजारात येताना प्लास्टिकची टोपी घातलेली असते. शंभर जरबेरा सोडवले की शंभर टोप्या. हे सांगितलं नाही तर लेख अर्धवट होईल.

त्यापेक्षा उघड्या रानातला झेंडू, शेवंती, ॲस्टर, निशिगंध यांचा बोजा कमी, आणि पैसा छोट्या शेतकऱ्याच्या हातात जातो. दसऱ्यानंतर भाव पडला की झेंडू रस्त्याकडेला ओतलेला आपण दरवर्षी बघतो. हे फूल सणाचंच, रिसेप्शनला शोभत नाही, हा आपल्या मनातला भेद त्याला थोडाफार जबाबदार आहे. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात थायलंडच्या ऑर्किडकडे बोट दाखवणाऱ्या एका नवरीच्या आईला मी एकदा पांढरी शेवंती आणि निशिगंध काळ्या मडक्यांत लावून दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे कुठलं इम्पोर्टेड?"

## मग रानातून आणलेलं तर सगळ्यात नैसर्गिक?

इथे मी आखडता हात घेते. पावसात माळावर माजलेला तेरडा, गवताची तुरेदार कणसं, बांधावरचा कुर्डू, हे ढिगाने उगवतं. चार काड्या आणल्या तर बिघडत नाही. तेरड्याच्या गौरी घराघरांत बसतातच. पण कळलावीचं, म्हणजे ज्याला कोकणात गौरीचे हात म्हणतात ते फूल तोडलं की त्याचं बी धरायचं राहून जातं, आणि औषधासाठी तिचे कंद आधीच उकरले जातात. कास पठारावरून तर काहीच आणायचं नाही, तिथे नियमही आहे. 'वाइल्ड लुक' हवा म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना मी परसात लावलेलं गवत आणि बडीशेपेचे पिवळे तुरे देते. फोटोत फरक कळत नाही.

## प्लास्टिकची फुलंच बरी नाहीत का, दरवर्षी वापरता येतात?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घरच्या मखराला एखादीने एकच प्लास्टिकची माळ वीस वर्षं जपून वापरली, तर तिच्याशी मी भांडणार नाही. पण बाजारात तसं होत नाही. रंग दोन मोसमांत विटतो, धूळ बसते, फॅशन बदलते. पाकळी एका प्रकारच्या प्लास्टिकची, दांडा दुसऱ्या, आत तार, वर गोंद. हे सुटं करून कुणी भंगारात घेत नाही. खऱ्या फुलाची गोष्ट विसर्जनानंतरही चालू राहते: खत होतं, रंग होतो. कानपूरमध्ये २०१७ पासून 'फूल' नावाची कंपनी देवळांतल्या फुलांपासून उदबत्त्या बनवते. पण त्या फुलांत फोमचा चुरा मिसळला की हा पुढचा रस्ता बंद. घाटावरच्या त्या मुलाचा प्रश्न म्हणून मोलाचा होता.

## घरात पडून असलेल्या विटांचं काय करायचं?

कोरड्या असतील तर फेकायची घाई नको. फेकल्याने त्या नाहीशा होत नाहीत. संपेपर्यंत वापरा, शक्य तेवढं कमी कापा, कापताना नाकावर फडकं बांधा. भिजवलेलं पाणी मोरीत न ओतता जुन्या सुती कापडातून गाळा. गाळलेला चुरा आणि वापरलेली वीट पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात. कुंडीत कुस्करू नका, खतात नको, निर्माल्यात तर नकोच. डेकोरेटरकडून काम करून घेणार असाल तर ऑर्डर देतानाच विचारा, "खाली काय लावणार?" या तीन शब्दांनी समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मीही झाले होते.

त्या संध्याकाळी मी ते ढेकूळ मुलाच्या हातातून परत घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. माळ्यावर अजून अर्धा खोका आहे, दिवाळीच्या आधी स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. दरवर्षी साफसफाईला तो खाली निघतो आणि पुसून पुन्हा वर जातो.